गोल्डिंगच्या जागी ऑरोरा

१० सप्टेंबर २०१६

लुडविकनं ग्लास अर्धा टाकला!

तोही सगळ्यांसमोर. हॉपच्या वेलींवरच्या फुलांची तोडणी संपली की त्याच्या अंगणात लिकोफचं जेवण असतं. मोठ्या पातेल्यात गुलाश, अकॉर्डियन, तोडणीची सगळी माणसं बाकांवर — आणि बिअर माझ्या घरची. एकोणीस वर्षांची रीत आहे ही. हॉप त्याच्या शेतातला, शिजवणारा मी. माझी बहीण त्याला दिली, एवढ्यावर दोन पुरुषांनी जन्मभर बोलायचं तरी काय? तो शेतकरी, मी पोस्टमन. बिअर होती म्हणून बोलणं होतं.

आज दोन घोट घेतले, ग्लास बाकावर ठेवला आणि उठून ट्रॅक्टर बघायला गेला. ट्रॅक्टरला काय झालंय? काही नाही! मागोमाग गेलो. म्हटलं, पी की. म्हणाला, "चांगली आहे रे सिरिल. आपली नाही, एवढंच."

मला काय कळत नाही? जुना गोल्डिंग जातीचा हॉप दोन वर्षांपूर्वी त्यानंच उपटला. निम्म्या वेली मर रोगानं वाळल्या होत्या, उरलेल्या काढून तिथे ऑरोरा लावला. माझ्या फ्रीझरमधला साठा गेल्या साली संपला. यंदा पहिल्यांदाच गोल्डिंगच्या जागी ऑरोरा घातला. अडाण्यासारखा नाही घातला — ऑरोरा दुप्पट कडू, म्हणून वजनानं निम्मा घेतला. कडूपणा अगदी बरोबर जमला. पण हॉप निम्मा केला की वासही निम्मा होतो, त्याचं काय करायचं?

अल्बीनानं ऐकवलंच — "नवऱ्याला नकोय तर तोंड पाडून काय बसतोस, इकडे दे." बहीण आहे, पण जीभ सुरीची.

११ सप्टेंबर

सकाळी उरलेल्या बाटल्या मोजल्या नाहीत. मोरीत ओतल्या.

२ ऑक्टोबर

दुसरा घाणा. ऑरोराच, पण या वेळी मूठभर शेवटच्या पाच मिनिटांत टाकला, म्हणजे वास राहील. वास राहिला! लिंबाचा आणि देवदाराचा. जमीन पुसायच्या औषधासारखा. गोल्डिंगचा वास ओल्या गवताचा असतो, थोडा मातीचा, मागून मिरीचा. तो नाकात येत नाही, घशात कळतो. ते कोणत्या तक्त्यात लिहिणार?

तक्ते भरपूर आहेत. कशाच्या जागी काय वापरावं, कोणाचं कडूपण किती टक्के — सगळं छापलेलं आहे. तक्ता बघितला की वाटतं जगात कशाचंच काही अडत नाही.

२३ ऑक्टोबर

झालेत्सला जाऊन त्सेलेया आणला. गोल्डिंगच्याच वंशातला आहे, दुकानदार म्हणाला, काका, डोळे झाकून घ्या. डोळे झाकून घेतला, डोळे उघडे ठेवून शिजवला. आज रविवारचं सूप प्यायला त्यांच्याकडे गेलो तेव्हा चार बाटल्या घेऊन गेलो. (रविवारी दुपारी मी दुसरीकडे कुठे जाणार? सहा दिवस एकट्यानं जेवायचं, सातव्या दिवशी अल्बीनाच्या हातचं शेवयांचं सूप आणि चार माणसांचा गोंगाट. तेवढ्यावर आठवडा निघतो.)

बाटली उघडली. अल्बीना म्हणाली, "ही चुलतबहीण. नाक तेच, पण आपल्या घरात वाढलेली नाही." तादेया — त्यांची मुलगी, त्सेल्ये शहरातली कचेरीची नोकरी सोडून शेत बघायला परत आलेली — ती हसली. लुडविकनं मात्र ग्लास संपवला. माझ्याकडे न बघता संपवला, औषध घेतात तसा.

तेवढं पुरलं असतं शहाण्याला. दुधाची तहान ताकावर, असं म्हणून गप्प बसलो असतो तर! पण एकोणसाठाव्या वर्षी माणसाला आपलं म्हणावं असं कौशल्य एकच असेल, आणि तेही हातातून निसटत असेल, तर शहाणपण कुठून आणायचं?

१ नोव्हेंबर

आईवडिलांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावून येताना नदीकाठानं आलो. म्हाताऱ्या उर्बानचं शेत तसंच ओसाड पडलंय. तो गेला, वारस कोणी नाही, आणि त्याच्या हॉपला तो नवा रोग झाला होता — वेल खुंटवून मारणारा, ज्याला औषधच नाही. खांब उभे, तारा लोंबताहेत. फाटकावर पाटी आहे. रोगट क्षेत्र, प्रवेश बंद, झाड, माती, अवजार काहीही बाहेर नेऊ नये. शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. पोस्टमनला वाचल्याशिवाय राहवत नाही.

आणि पाटीच्या मागेच, कुंपणावर चढलेली एक वेल. पानं झडलेली, पण सुकलेली फुलं अजून लटकत होती. एक तोडून तळहातावर चोळलं.

गोल्डिंग. रडूच आलं मला!

४ नोव्हेंबर

आणला. मुळाचा एक गड्डा, दोन मुठींएवढा. भर दुपारी सायकलच्या पिशवीत घालून आणला, कोणी विचारलंही नाही. चाळीस वर्षं याच पिशव्यांतून सगळ्या खोऱ्याची पत्रं वाहिली, माझ्या पिशवीत काय आहे हे कोण बघतो?

घरामागे भिंतीला लावला. वेल रोगट असती तर एवढी फुलली असती का? रोग आतल्या वेलींना होता. ही कुंपणावरची, बाजूला असलेली. चांगली आहे. डोळ्यांना दिसतंय ते चांगलं आहे.

कोणाला सांगणार नाही. हॉप हाती आला, बिअर झाली, की लिकोफला पेला पुढे करायचा आणि लुडविकचं तोंड बघायचं. एवढंच हवंय मला.

१८ मार्च २०१७

छाटणी. कंबर गेली.

दर वर्षीसारखे सगळे होतो. नव्या ऑरोराला लुडविक अजून यंत्र लावू देत नाही, मुळं हातानंच उघडी करायची आणि सुरीनं छाटायची. रस्त्याकडच्या तीन ओळी माझ्या, मधल्या अल्बीना आणि तादेयाच्या, ओढ्याकडच्या लुडविक आणि गाव्रिलच्या. गाव्रिल रुमानियाहून येतो, चौदावं वर्ष. माझ्याच वयाचा, पण चार ओळी करून आमच्यावर हसायला मोकळा. "पोस्टमनसाहेब, झाड छाटताय की तिकीट चिकटवताय?" येतो तेव्हा अंगणाच्या नळावर बूट धुऊन मग शेतात पाय ठेवतो. कोणी सांगितलेलं नाही, त्याची त्याचीच सवय.

तादेयानं प्रत्येक ओळीच्या टोकाला औषधाची बादली ठेवली होती. झाड झालं की सुरी बुडवा, मग पुढचं झाड. आम्ही म्हातारे हसलो. बादलीपर्यंत जायचं, वाकायचं, परत यायचं — दिवसभरात वीस झाडं होतील! मी पँटला पुसत होतो. लुडविकही पँटलाच पुसत होता.

सकाळी निघायच्या आधी घरामागची माझी वेलही त्याच सुरीनं छाटून घेतली. दोन मिनिटांचं काम.

१४ ऑगस्ट

फुलं आली! पहिलंच वर्ष, वेलीनं फार जोर धरला नाही, भिंतीच्या निम्म्यावर थांबली. ऊन कमी पडत असेल. पण फुलं आली, मोठी टोपली भरून. ताजीच घातली. दहा लिटर होईल.

स्वयंपाकघरात तो वास. खिडक्या लावून बसलो, बाहेर जायला नको म्हणून.

९ सप्टेंबर

लिकोफ.

पहिला ग्लास गाव्रिलला दिला, मुद्दाम. त्यानं घोट घेतला, थांबला, टोपी काढली. "मालक! ही ती जुनी आहे!" आणि मग सगळे — कुठून, कशी, काय केलंस! मी म्हटलं, फ्रीझरच्या तळाशी जुनं पाकीट सापडलं. दोन घटका राजा होतो मी त्या अंगणात.

लुडविकनं सगळा ग्लास प्यायला. सावकाश. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. वाटलं आता काहीतरी बोलेल. बोलला नाही, ग्लास पुढे केला, मी परत भरला. त्याच्यासारख्या माणसाचं मन भरून आलं की तो असाच गप्प होतो.

आजचा दिवस चांगला गेला. लिहून ठेवतो, कारण असले दिवस फार नसतात.

१० जून २०१८

रविवार. सूप पितापिता तादेया म्हणाली, रस्त्याकडच्या ओळींत काही वेली तारेच्या निम्म्यावर थांबल्यात, वर चढेनात. खत कमी पडलं की काय?

चमचा तोंडाशी होता. प्यायलो. आणखी एक वाढून घेतलं.

११ जून

जाऊन आलो. सात वेली, एका ओळीत एकामागोमाग. पानं लहान, पिवळट, खालचं खोड तडकलेलं. ओळ माझी. नंतरच्या ओळीत चार. तीही माझी.

घरी येऊन मागच्या भिंतीशी उभा राहिलो. यंदाही निम्म्यावरच थांबली आहे. ऊन कमी पडतंय म्हणत होतो. खाली वाकून खोड बघितलं.

१२ जून

तडकलंय.

२० जून

तपासणीस बाई आल्या होत्या. पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, हातात कात्री, पानं तोडून पाकिटांत भरत होत्या. पाकिटांवर नंबर. मी उगाचच मागे मागे फिरत होतो. ओढ्याकडच्या शेवटच्या ओळीतही सापडल्या, नऊ वेली! बाई म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी आलंय हे. मधलं सध्या बरं दिसतंय. बाहेरचं रोप कोणी आणलं होतं का?"

लुडविक म्हणाला, "नाही."

मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इथे छाटणी करता ना? तुमच्याकडे हॉप आहे?"

"नाही."

इतक्या पटकन म्हणालो की मलाच आश्चर्य वाटलं.

२१ जून

ओढ्याकडच्या ओळींत मी पाऊलही टाकलं नव्हतं. तिथे माझी सुरी गेलीच नाही. मग तिकडे कोणी नेला? याचा अर्थ रोग बाहेरूनच आला, माझ्याकडून नव्हे. मला वाटतं तसं नसेलच कदाचित.

रात्रभर हेच घोळवत होतो. आता दिवसा लिहिलं तर फार पटत नाही. पण खोडून टाकवत नाही.

२२ जून

वेल उपटली. मुळापासून खणली, जुन्या पिंपात घालून जाळली, वर रॉकेल. खड्ड्यात चुना टाकला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "सिरिल, या उन्हात शेकोटी?" म्हटलं, कचरा.

गोल्डिंगचा धूरही चांगला लागतो. लाज वाटते हे लिहायला.

६ जुलै

अहवाल आला. तोच रोग.

८ जुलै

सूप होतं. कोणी प्यायलं नाही.

सगळा ऑरोरा काढायचा, असा आदेश आहे. रोगट, चांगला, सगळा. जागेवर जाळायचा, आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत हॉप लावायचा नाही. लुडविकच्या आजोबांनी त्या रानात पहिले खांब पुरले. तादेया तिसऱ्यांदा तेच म्हणाली, "मी बादल्या ठेवल्या होत्या ना. मी ठेवल्या होत्या ना, आई?" अल्बीनानं तिला जवळ घेतलं. ती बत्तीस वर्षांची बाई चांगली नोकरी सोडून आली होती, ती लहान मुलीसारखी बोलत होती.

मी म्हणालो, तू सगळं बरोबर केलंस, पोरी. खरं बोललो. तेवढंच एक वाक्य त्या टेबलावर खरं बोललो.

आत्ता सांगायचं होतं. जून महिन्यात सांगायचं होतं. जून महिन्यात सांगितलं असतं तर माझ्या तीन ओळींवरच भागलं असतं का? बाईंना विचारता येत नाही. विचारलं की त्या विचारणार, तुम्हाला का जाणून घ्यायचंय?

१५ जुलै

हा दिवस लिहायचा नव्हता. तरी लिहितो.

गाव्रिल आला, दर वर्षीसारखा, तोडणीच्या आधी दुरुस्तीच्या कामांना. नळावर वाकून बूट धूत होता. लुडविक घरातून निघाला तो ओरडतच. "आता धुतोस? आता? गेल्या साली मेमध्ये नदीपलीकडे त्या बड्या शेतावर कामाला होतास ना? तिथून आणलंस माझ्या शेतात! तुझ्या बुटांनी, तुझ्या सुरीनं! ओढ्याकडच्या ओळी कोणाच्या होत्या? बोल!"

लुडविकला मी चौतीस वर्षांत असा ओरडताना ऐकलेला नाही. गळ्याच्या शिरा फुगलेल्या.

गाव्रिल ओल्या बुटांत उभा राहिला. "मालक, तुमच्याबरोबर छाटलं मी. तुम्ही त्या बाजूनं, मी या बाजूनं. तुम्ही बघत होतात." मग माझ्याकडे वळला. "पोस्टमनसाहेब, तुम्ही सांगा. मी बूट न धुता कधी आलो?"

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात मनात आलं ते हे: ओढ्याकडची ओळ त्याचीच. खरंच त्यानं आणला असेल तर? मी तोंड मिटलं. खाली बघत राहिलो. फरशीवर त्याच्या बुटांचं पाणी वाहत होतं.

पिशवी उचलली आणि गेला. रस्त्यापर्यंत तादेया मागे धावली, काय बोलली माहीत नाही. अल्बीना दारात उभी. म्हणाली, "लुडविक, हे बरं नाही केलंस." तो कोठारात गेला आणि दार लावून घेतलं.

१६ जुलै

स्वयंपाकघरात बसून आहे. भांडं घासलं, परत घासलं.

३ ऑगस्ट

उपटणी. दोन दिवस यंत्र चालू होतं. खांबांवरून हिरव्या वेली खाली ओढल्या, ढीग केला, तिसऱ्या दिवशी पेटवला. फुलं नुकती धरत होती. सगळं गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं, पण कोणी जवळ आलं नाही. जणू माणसांनाही लागेल.

मला बोलावलं होतं मदतीला. मी गेलो. माझ्या ओळींशी मीच उभा राहिलो. म्हटलं, एवढं तरी.

१९ ऑगस्ट

पाठदुखीचं कारण सांगून रविवारी गेलो नाही. पाव आणि सलामी. घड्याळाचा आवाज.

२६ ऑगस्ट

गेलो. न जाऊन करतो काय. लुडविक फार वाळलाय. अल्बीना म्हणते, रात्री उठून ओढ्याकडे जाऊन बसतो. "तू बोल ना त्याच्याशी. तुमचं दोघांचं पटतं."

८ सप्टेंबर

यंदा लिकोफ नाही.

२३ सप्टेंबर

दुकानात कळलं. गाव्रिल परत गेलाच नव्हता. खोऱ्यात दारोदार फिरत होता, खालच्या तिन्ही गावांत. तोडणीला माणसं मिळत नव्हती तरी कोणी त्याला घेतलं नाही. "तू लुडविककडचा ना? रोग आणणारा?" एकानं कुत्रा सोडला म्हणे अंगावर. दुकानदारीणबाई हे वजन करताकरता सांगत होती, टोमॅटोच्या भावाबरोबर. शेवटी गेला. पंधरा वर्षं येत होता, आता कुठेच येणार नाही.

मी तिला म्हटलं, त्यानं नाही आणला. ती म्हणाली, "मग कोणी आणला?"

टोमॅटो तिथेच ठेवून निघालो.

२४ सप्टेंबर

मी भ्याड आहे. हे या वहीत लिहायला मला दोन वर्षं लागली. ओढ्याकडचं कोणाचंही असो, रस्त्याकडचं माझं आहे. तक्त्यात त्सेलेया होता, बरा होता, लोकांनी प्यायला असता. चुलतबहीण तर चुलतबहीण! मला मात्र ती जुनीच हवी होती. एका ग्लासासाठी, लुडविकच्या एका नजरेसाठी. तादेयाचं शेत गेलं, गाव्रिलचं नाव गेलं.

सांगायचं. सांगितल्यावर त्या घरचं सूप मला पुन्हा मिळणार नाही. तेच भय आहे. इतकं क्षुल्लक! पण भय तेच आहे.

७ ऑक्टोबर

सांगायला गेलो. तादेयाचा वाढदिवस निघाला. परत आलो, केक खाऊन.

१४ ऑक्टोबर

सांगितलं.

सूप झाल्यावर लुडविक मागे खांब रचत होता, मी तिथे गेलो. सगळं सांगितलं — पाटी, कुंपण, सायकलची पिशवी, सुरी, फ्रीझरचं खोटं पाकीट, पिंपातली राख. एका दमात सांगितलं, मध्ये थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. म्हटलं, मार मला. हाकलून दे. पण गाव्रिलला फोन कर, परत बोलाव, गावासमोर सांगू की तो नव्हे, मी.

तो खांबावर हात ठेवून उभा होता. ओरडला नाही. मला वाटलं त्याला ऐकूच गेलं नाही, परत सांगायला लागलो तर म्हणाला, "कळलं."

मग म्हणाला, "गाव्रिलला बोलावून काय करू? छाटायला काय उरलंय?"

मग आणखी एकच. "अल्बीनाला सांगू नकोस."

बस्स. पुढचा खांब उचलला. त्याच्या एकट्याच्यानं उचलेना, मी दुसरं टोक धरलं. अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून खांब रचले.

१५ ऑक्टोबर

माफ केलं त्यानं. असं कोणी करतं? चार पिढ्यांचं रान गेलं, आणि "कळलं"! मी त्याला फार कमी ओळखत होतो. देवमाणूस आहे.

२१ ऑक्टोबर

सूप. त्यानं स्वतः माझ्या ताटलीत दोनदा वाढलं. अल्बीना म्हणाली, "आज काय लाड चाललेत पाहुण्याचे?" कोणी हसलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, हे इतकं चांगुलपण मला सोसत नाही.

परत येताना म्हटलं, गाव्रिलचं काय? "बघू," म्हणाला, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

२८ ऑक्टोबर

गाव्रिलचा नंबर अल्बीनाच्या वहीतून उतरवून घेतला. लावला. त्याच्या बायकोनं उचलला. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची. "सिरिल, पोस्टमन, सिरिल," म्हणत राहिलो. तिनं काहीतरी विचारलं, परत विचारलं, मग ठेवून दिला.

४ नोव्हेंबर

लुडविक आला होता. आत आला नाही, दारातच उभं राहून बोलला. ओढ्याकडच्या शेवटच्या ओळीत पाच मुळं त्यानंही लावली होती. उर्बानच्याच रानातली, त्याच ऑक्टोबरात, माझ्या आधी दोन आठवडे. "त्या लिकोफला तुझं पडलेलं तोंड बघवेना रे. म्हटलं, दोन वर्षांनी पोतंभर गोल्डिंग आणून तुझ्यापुढे टाकीन." टोपी हातात घेऊन गेला.

म्हणजे जुलैत अंगणात ओरडत होता तेव्हा त्याला माहीत होतं. मी खाली बघत उभा होतो तेव्हा मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त गाव्रिलला.